त्यालाही बरोबर घेऊ

(कन्हेरी येथील प्रौढ वर्गापुढे एका निवृत्त मुख्याध्यापकांनी केलेले भाषण)



मागच्या खेपेला वर्गातल्या एकाने विचारले, "गुरुजी, हल्ली माणसे सायकलीवरून शेकडो किलोमीटर जातात, वाटेत पैसे जमवतात आणि अपंगांच्या कामाला देतात. पैसेच द्यायचे तर घरबसल्या द्यावेत. सायकल चालवून अपंगाचे काय भले होणार?"

प्रश्न रास्त आहे. उत्तर एका वाक्यात द्यायचे तर असे : अपंग माणूस घरीच राहणार असेल, तर थोडे भले होईल. तो बरोबर असेल, तर पुष्कळ होईल. आज ह्या बरोबर नेण्याविषयीच बोलायचे आहे.

आपल्याकडे अपंगाला कोणी मुद्दाम छळत नाही. त्याला वेळेवर भाकरी मिळते, दिवाळीला कापड मिळते. पण आषाढात तुकोबांची पालखी बारामतीहून काटेवाडीला येते, तेव्हा काय होते? मेंढ्यांचे रिंगण बघायला घरातली लहानथोर माणसे निघतात. आणि ज्याचे पाय चालत नाहीत त्याला सांगतात, "तू घर राख हं." वर्षानुवर्षे तो घर राखतो. भाकरी मिळते, पण जग मिळत नाही. हे दुःख पोटाच्या भुकेहून लहान नाही बरं का!

आता एका माणसाची गोष्ट सांगतो. त्याला बसता येत नव्हते, तरी त्याने घर राखले नाही.

बाबा आमटे हे नाव तुम्ही ऐकले असेल. वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाट गावी २६ डिसेंबर १९१४ रोजी त्यांचा जन्म झाला. घरची जमीनदारी होती, स्वतः वकील होते. वरोऱ्याला असताना त्यांनी पावसात पडलेला एक महारोगी पाहिला आणि भीतीने ते दूर पळाले. मग त्या भीतीचीच त्यांना लाज वाटली. ते परत गेले, त्या रोग्याची सेवा केली. पुढे महारोगावरचे उपचार ते शिकून आले. १९५१ साली पत्नी साधनाताई, दोन लहान मुले, सहा रोगी, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये एवढ्या भांडवलावर त्यांनी वरोऱ्याजवळच्या खडकाळ माळावर आनंदवन वसवले. ज्यांना गावाने हाकलले होते त्यांनी तिथे विहिरी खणल्या, शेती पिकवली, घरे बांधली. बाबांचे म्हणणे असे की, ह्या माणसांना भीक नको, काम द्या.

पुढे बाबांचाच कणा दुखावला. पाठीच्या मणक्यांचा असा आजार जडला की, त्यांना बसणे अशक्य झाले. एक तर उभे राहायचे, नाही तर आडवे पडायचे. खुर्चीत बसून चार घास खावेत, एवढीही सोय उरली नाही. असा माणूस काय करील? आपण म्हणू, पडून राहील.

बाबांनी काय केले बघा. १९८४ साली पंतप्रधान इंदिरा गांधी यांची हत्या झाली होती, दंगलीत माणसे मारली गेली होती. पंजाब पेटला होता. देश जोडला पाहिजे, असे बाबांच्या मनाने घेतले. नुसते भाषण करून तो जोडला जाणार नाही, तरुणांनी गावोगाव जाऊन माणसांना भेटले पाहिजे, असे त्यांना वाटले. २४ डिसेंबर १९८५ रोजी कन्याकुमारीहून सायकलींची यात्रा निघाली. हा सानेगुरुजींचा जन्मदिवस. यात्रेत ११६ तरुण होते, त्यांत १६ मुली. तरुण सायकलींवर आणि बाबा गाडीत आडवे पडून. यात्रेचे नाव 'भारत जोडो'. १९८६ च्या एप्रिलात ही यात्रा काश्मीरला पोचली. एकूण वाट झाली ५,०४२ किलोमीटर.

आपण नुकताच भागाकार शिकलो आहोत. करून बघा. शंभर ते सव्वाशे दिवस धरा. रोजचे चाळीस ते पन्नास किलोमीटर पडतात. म्हणजे रोज इथून निघून जवळजवळ इंदापूर गाठायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढेच. एका दिवसाच्या हिशेबात ही वाट फार मोठी नाही. रोज उठून पुन्हा निघणे, हे मोठे आहे.

एवढ्यावर बाबा थांबले नाहीत. १९८८ साली ते पुन्हा निघाले. ह्या खेपेला पूर्वेकडच्या अरुणाचलातल्या इटानगरहून पश्चिमेला गुजरातेतल्या ओख्यापर्यंत. ती वाट ७,५४६ किलोमीटर. तेव्हा त्यांचे वय सत्तरीच्या पुढे गेले होते. ९ फेब्रुवारी २००८ रोजी आनंदवनात त्यांनी देह ठेवला.

आता ह्यातले मर्म ध्यानात घ्या. ही यात्रा पैशासाठी नव्हती. पण बाबांनी त्या तरुणांना, "मी आजारी आहे, तुम्ही जाऊन या," असे सांगितले नाही. आणि तरुणांनीही, "बाबा, तुम्ही आराम करा, आम्ही येऊन हकीगत सांगू," असे म्हटले नाही. पायडल मारणारे पाय तरुणांचे, दिशा दाखवणारे मन बाबांचे. अशी वाटणी झाली म्हणून वाट सरली.

कोणी म्हणेल, "गुरुजी, बाबा आमटे थोर माणूस. आमचे घर साधे." तर साध्या घराची गोष्ट ऐका. ही अमेरिकेतली आहे.

तिथे डिक हॉइट नावाचे एक गृहस्थ होते. सैनिकी नोकरीतला माणूस. १९६२ साली त्यांना मुलगा झाला, रिक. जन्मताना नाळ गळ्याभोवती आवळली आणि मेंदूला इजा झाली. हातपाय चालेनात, बोलता येईना. डॉक्टरांनी सल्ला दिला की, हा काही समजण्यातला मुलगा नाही, त्याला संस्थेत ठेवून द्या. आईबापांनी ऐकले नाही. मुलगा डोळ्यांनी आपल्यामागे बघतो, हे त्यांनी पाहिले होते. पुढे विद्यापीठातल्या इंजिनिअरांनी त्याच्यासाठी एक यंत्र केले. डोके हलवून तो त्यावर एकेक अक्षर निवडायचा. म्हणजे बघा, तोही आपल्यासारखा अक्षर-अक्षर जुळवून बोलू लागला!

१९७७ साली एका पांगळ्या झालेल्या खेळाडूच्या मदतीसाठी पाच मैलांची शर्यत ठरली. रिक वडिलांना म्हणाला, मलाही भाग घ्यायचा आहे. वडील काही धावणारे नव्हते. तरी चाकाची खुर्ची ढकलत ते धावले. शेवटून दुसरे आले! पण रात्री मुलाने यंत्रावर सांगितले की, धावताना मी अपंग आहे असे मला वाटतच नाही. त्या एका वाक्यावर बापाने पुढली सारी वर्षे वाहिली. १९९२ साली दोघांनी अमेरिका ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत ओलांडली. सायकलीच्या पुढे मुलासाठी आसन बसवले होते. काही वाट सायकलीने, काही धावत. सुमारे ६,००० किलोमीटर, ४५ दिवसांत. पुढच्याच वर्षी, १९९३ साली, रिक विद्यापीठाचा पदवीधर झाला. संस्थेत ठेवून द्या म्हणून सांगितलेला मुलगा तो हाच. वडील २०२१ साली वारले, मुलगा २०२३ साली.

ह्यात पहिली गोष्ट कोणी केली? मुलाने. त्याने मागितले. आणि बापाने ऐकले.

अमेरिका दूर आहे म्हणाल, तर माझ्या नोकरीतले सांगतो. एका शाळेत मी असताना लांबच्या वस्तीवरून दोघे भाऊ यायचे. धाकट्याचे दोन्ही पाय पोलिओने गेलेले. थोरला त्याला सायकलीच्या कॅरिअरवर बसवून आणायचा. थोरल्याची शाळा संपली, तो कारखान्यावर कामाला लागला. धाकट्याची शाळा आता सुटणार, असे घरच्यांनी धरलेच होते. तेव्हा त्याच्या वर्गातल्या सहा मुलांनी आपसात वार वाटून घेतले. सोमवार एकाचा, मंगळवार दुसऱ्याचा. पाऊस असो, चिखल असो, मुलगा शाळेत हजर. बदल्यात तो त्यांना गणिते सोडवून द्यायचा. पुढे तो रेडिओ दुरुस्तीचे काम शिकला आणि स्वतःच्या कमाईवर घर चालवू लागला. त्या मुलांनी कोणतीही पावती फाडली नव्हती. कॅरिअरवरची जागा दिली होती, एवढेच.

तेव्हा मी सुचवतो ते असे. आपणही एक सायकल-फेरी काढू. पहिल्याच खेपेला पंढरपूर नको. काटेवाडीपर्यंत जाऊन येऊ. पण काही गोष्टी सांभाळा.

पहिली गोष्ट, त्या माणसाला आधी विचारा. तो नको म्हणाला, तर ओढून नेऊ नका. तो काही मिरवायची मूर्ती नाही.

दुसरी, बसण्याची जागा नीट करा. ज्याला तोल सांभाळता येतो, त्यालाच कॅरिअरवर बसवा. खाली जाड घोंगडी घाला. काहींच्या लुळ्या पायाला कळ समजत नाही, तो चाकाच्या तारांत गेला तरी कळत नाही. म्हणून पाय टेकायला पट्टी आणि चाकाला आडोसा पाहिजेच. ज्याला फीट येते, त्याला कॅरिअरवर बसवू नका. ज्याचे हात धड आहेत, त्याला हाताने चालवायची तीनचाकी सायकल उत्तम. तो स्वतः चालवील, तुम्ही चढाला हात लावा.

तिसरी, अर्ध्या-पाऊण तासाने थांबा. एकाच अंगावर बसून कातडीला जखम होते आणि ती लवकर भरत नाही. त्याची बैठक बदला, सगळ्यांनी पाणी प्या.

चौथी, पहाटे उजाडल्यावर निघा आणि ऊन चढायच्या आत परत या. उसाच्या हंगामात ट्रॉल्यांची वर्दळ असते. अंधारात रस्त्यावर राहू नका.

पाचवी, पैसे जमवाल तर पावती द्या. दोघांनी मोजा, हिशेब लिहून चावडीवर लावा. आता आपल्याला लिहिता येते ना!

आणि पैशाबद्दल आणखी एक सांगायचे. सगळेच काही दानातून यायला नको. २०१६ साली अपंगांच्या हक्कांचा कायदा झाला. त्यात २१ प्रकारचे अपंगत्व धरले आहे. अपंगत्वाचा दाखला आणि ओळखपत्र असेल, तर एस.टी.च्या भाड्यात सवलत मिळते, तीनचाकीसारखे साधनही योजनेतून मिळू शकते. आपल्या राज्यात ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले शेकडा पाच रुपये अपंगांसाठी खर्चायचे असतात. शंभराला पाच. हा हिशेब ग्रामसभेत कोणीही विचारू शकतो. दुसऱ्या कोणाकडून वाचून घेऊ नका. कागद हातात घ्या आणि स्वतः वाचा. मग सांगा, कोणाला काय मिळाले. दान देणाऱ्याच्या मर्जीवर असते. हक्क मर्जीवर नसतो. फेरीत जमलेला पैसा हक्काच्या पैशाला जोड म्हणून असावा, त्याच्या बदली नव्हे.

म्हणाल, एवढे सगळे करायला वेळ कुणाला? मी म्हणतो, एक काम आज रात्रीच करा. त्याला वेळ लागत नाही. घरी, शेजारी, वस्तीवर जो कोणी घर राखत बसला असेल, त्याच्याजवळ बसा आणि विचारा, "तुला कुठे जायचं आहे?" कोणी बाजार म्हणेल, कोणी शाळा म्हणेल, कोणी नुसते नीरेचे पाणी बघायचे म्हणेल. उत्तर पाटीवर लिहून उद्या वर्गात आणा. त्या पाट्यांवरूनच आपण फेरीची वाट ठरवू.