पत्र्याच्या ड्रॉमधील व्यासघटीचे गणित : स्वागताध्यक्षीय भाषण

पत्र्याच्या गोल चकतीचा डायमध्ये पेला ओढताना व्यास किती घटतो आणि एका दमात किती घटवता येतो, हा या परिषदेचा विषय. त्यासाठी कराडला आलेल्या सर्व प्रतिनिधींचे समितीतर्फे स्वागत.

कृष्णा आणि कोयना येथे समोरासमोर येऊन भेटतात, म्हणून हा प्रीतिसंगम. काठावर यशवंतराव चव्हाणांची समाधी, जवळच आगाशिवची लेणी, गावात नकट्या रावळाची विहीर. ती पाहिल्याविना कोणी परतू नये, असा समितीचा आग्रह आहे. पण कराडच्या परिसराचे खरे भूषण ओगलेवाडी. तेथे १९१६ साली ओगले बंधूंचा काचकारखाना उभा राहिला आणि पुढे ‘प्रभाकर’ कंदील गोठ्यापासून माजघरापर्यंत पोहोचला. कौतुक झाले ते काचेचे. कंदिलाची टाकी, बूड, टोपण ही पत्र्याची कामे कोणी मोजलीच नाहीत. कराडचा विषयाशी धागा एवढाच. बारीक, पण आहे.

घट काढताना मूळ व्यासातून नवा व्यास वजा करून मूळ व्यासाने भागतात. जाडी बदलत नाही असे धरले, तर चकतीच्या व्यासाचा वर्ग म्हणजे पेल्याच्या व्यासाचा वर्ग, अधिक व्यास गुणिले उंचीची चौपट. ५० मिमी व्यासाच्या, ६० मिमी उंच पेल्याला १२०.४ मिमीची चकती लागते. कड छाटण्याची वाढ निराळी. एकूण घट ५८.५ टक्के. पहिल्याच ड्रॉमध्ये साधारण ५० टक्क्यांपुढे गेले, की माइल्ड स्टीलचा पेला बहुधा तळाच्या गोलाईपाशी फाटतो. म्हणून आधी ६८ मिमी, मग ५०, घट ४३.५ आणि २६.५ टक्के. बेरीज ७० भरते आणि नवशिका गोंधळतो. दुसरी टक्केवारी ६८ वरची असल्याने बेरीज करायची नसते, उरलेला भाग गुणायचा असतो : ०.५६५ गुणिले ०.७३५, म्हणजे ०.४१५. ड्रॉ अधिक असले तरी रीत हीच.

व्यवस्थेत उणिवा आहेत. निवास तीन ठिकाणी विखुरलेला आहे, सकाळी गरम पाणी उशिरा येते, भोजनमंडपात पंखे कमी आहेत. समिती क्षमा मागते. मंडप, धान्य, वाहने आणि प्रात्यक्षिकासाठी प्रेस देणाऱ्या स्थानिक उद्योजकांची, व्यापाऱ्यांची, शेतकऱ्यांची नावे प्रवेशद्वारावरील फलकावर आहेत; त्या सर्वांचे, वाढप्यांचे आणि रात्री मंडप राखणाऱ्या कामगारांचे आभार. फलकावर राहून गेलेली नावे दुपारच्या सत्राआधी लिहिली जातील.