पहिला फटका

पांढुर्णा-सौंसरकडील मराठी घरांतून दिवेलागणीनंतर कॅरमचा बोर्ड मांडला, की पहिला वाद होतो तो सुरुवात कोणी करावयाची यावर. मध्ये राणी, तिच्याभोवती नऊ पांढऱ्या आणि नऊ काळ्या सोंगट्यांचे रिंगण, आणि त्यावर स्ट्रायकरचा पहिला आघात. मुलांची समजूत अशी असते, की त्या एका आघातात सगळी शक्ती ओतली म्हणजे काम झाले. जाणत्या खेळाडूला चिंता असते ती निराळीच. सोंगट्या फुटावयाच्या त्या फुटतीलच; पण स्ट्रायकर कोठे जाईल? तो भोकात पडला तर दंडाची सोंगटी मोजावी लागते, आणि आपण मोकळा केलेला बोर्ड प्रतिस्पर्ध्याच्या हाती जातो.

हाच प्रश्न मोठ्या टेबलावर पूल या खेळात उभा राहतो. बिलियर्डच्या कुळातील हा खेळ आपल्याकडे परका समजला जातो आणि काही अंशी तो तसा आहेही. तथापि या कुळातील एक नामांकित खेळ आपल्याच मुलखात जन्मला, हे फार थोड्यांच्या ध्यानी असते. पांढुर्णा आणि सौंसर यांचा २०२३ साली छिंदवाड्यापासून वेगळा जिल्हा झाला. पण १८७५ मध्ये छिंदवाडा आणि जबलपूर ही दोन्ही नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांतात होती. त्या वर्षी जबलपूरच्या छावणीत नेव्हिल चेंबरलेन नावाच्या तरुण लष्करी अधिकाऱ्याने, पावसाळ्याचे रिकामे दिवस घालविताना, प्रचलित खेळात आणखी रंगीत चेंडूंची भर घातली. त्यातून स्नूकर निघाला. इंग्लंडच्या लष्करी विद्यालयात नवशिक्या विद्यार्थ्याला चिडवण्यासाठी जो शब्द वापरीत, तोच या खेळाचे नाव होऊन बसला. पुढे उटकमंडच्या क्लबात त्याचे नियम लिहून भिंतीवर लागले. अशा क्लबांतून आपल्या लोकांचा प्रवेश बहुधा गुण मोजणारा मार्कर म्हणूनच होई. आणि पाहून पाहून कित्येक मार्कर साहेबांहून सरस खेळू लागत, ही गोष्ट वेगळी.

आता असा एक विद्यार्थी डोळ्यांपुढे आणावा, की जो सौंसरहून शिक्षणासाठी नागपुरास आला आहे, कॅरममध्ये चार मित्रांत ज्याचे नाव आहे, आणि जो प्रथमच पूलच्या टेबलाशी उभा आहे. नऊ फूट लांब, साडेचार फूट रुंद असे ते टेबल. पलीकडच्या अंगाला त्रिकोणात दाटून बसविलेले पंधरा चेंडू, आणि अलीकडे एक पांढरा. हातात क्यू, म्हणजे ती निमुळती काठी. तो दात-ओठ खाऊन फटका मारतो. पांढरा चेंडू कडेवरून उसळून जमिनीवर जातो, रास जेमतेम हलते, आणि शेजारच्या टेबलावरचे लोक वळून पाहतात. तासाचे पैसे तर मोजलेलेच असतात.

त्याचे चुकले कोठे? कॅरमने त्याला एक गोष्ट खरी शिकविली आणि एक चुकीची. स्ट्रायकर फार तर पंधरा ग्रॅमचा असतो आणि सोंगटी पाच-साडेपाच ग्रॅमची. म्हणजे मारणारा मार खाणाऱ्याच्या जवळजवळ तिप्पट जड. तो पावडरीवरून घसरत जातो आणि टक्कर झाल्यावरही घुसतच राहतो. पूलमध्ये मात्र पांढरा चेंडू इतरांच्याच वजनाचा, सुमारे १६०-१७० ग्रॅमचा. तो अगदी समोरासमोर भिडला, तर आपला वेग समोरच्याला देऊन स्वतः थबकतो. थोडा जरी बाजूने लागला, तर उरलेला वेग घेऊन वाट फुटेल तिकडे धावतो. तेव्हा रास फोडण्याचे सामर्थ्य बाहूत थोडे आणि समोरासमोर भिडण्यात फार आहे. जोर दुप्पट करून नेम बोटभर चुकविण्यापेक्षा बेताचा जोर आणि अचूक नेम यांनी रास अधिक फुटते. ऐकताना हे सोपे वाटते. हात मात्र ते कबूल करावयास दिवस लावतो.

राशीचीही एक गंमत आहे. पांढुर्णा-सौंसरचा संत्र्याचा व्यापार ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे सांगावयास नको, की पेटीत दाबून बसविलेली फळे आणि सैल भरलेली फळे यांना धक्का सारखा लागत नाही. त्रिकोणातील चेंडू एकमेकांना टेकलेले असले, तर टोकावरचा आघात क्षणात मागच्या रांगेपर्यंत पोचतो. मध्ये केसभर फट राहिली, की तो तेथेच विरतो. म्हणून चौकट उचलण्यापूर्वी मागून बोटांनी चेंडू पुढे दाबून घेतात. आठ क्रमांकाचा काळा चेंडू मध्यभागी, मागच्या दोन कोपऱ्यांत एक सबंध रंगाचा आणि एक पट्ट्याचा, ही मांडणी ठरलेली. फुटीनंतर एखादा चेंडू पॉकेटमध्ये जावा, निदान चार तरी कडेच्या गादीला लागावेत, असा नियम आहे. नाही तर पुढे काय करावयाचे हे प्रतिस्पर्धी ठरवितो. पांढरा स्वतःच पॉकेटमध्ये पडला तर अनर्थच.

शिकावयाचे कसे? प्रारंभी रास मांडूच नये. त्रिकोणाच्या टोकाच्या जागी एकच चेंडू ठेवावा, आणि पांढरा त्यावर असा मारावा की टक्कर होताच तो तेथेच उभा राहील. हे जमले म्हणजे नेम सरळ आहे असे समजावे. येथे एक अडचण येते. टेबलाचे एवढे अंतर काटताना कापडाच्या घर्षणाने पांढरा पुढे लोळू लागतो, आणि लोळणारा चेंडू टक्कर झाल्यावरही पुढे सरकतो. त्यासाठी हळू फटक्यात त्याला मध्याच्या थोडे खाली मारावे लागते. फटका जलद झाला की लोळण्यास अवकाश कमी मिळतो, आणि मध्याजवळ मारले तरी चालते. क्यूची मागची बाजू उंच धरली तर चेंडू हवेत उडतो; आपल्या विद्यार्थ्याचे तेच झाले होते. मूठ आवळली तर मनगट अडते. जोर एकदम वाढवू नये. दहांपैकी आठ-नऊ वेळा समोरासमोर भेट होईल तेवढाच ठेवावा, बिघडू लागले की एक पायरी खाली यावे, आणि मगच पंधरांची रास मांडावी. रास मांडल्यावर टोकाच्या चेंडूपाठीमागे चौदांचे बळ उभे असते. त्यामुळे पांढरा किंचित मागे हटतो आणि टेबलाच्या मध्यावर रेंगाळतो. तेथून पुढचा चेंडू घेणे सर्वांत सोयीचे.

स्नूकरमध्ये याच्या उलट. तेथे पहिल्या फटक्यात रास फोडणे म्हणजे शत्रूला वाड्याच्या किल्ल्या देणे. कडेच्या लाल चेंडूला पांढरा नुसता चाटून जातो आणि तीन गाद्यांवरून वळसा घेऊन आपल्या अंगाला परत येतो. जबलपूरच्या खेळात संयम आधी आणि पराक्रम मागाहून.

बिलियर्डच्या खोलीकडे घरची वडीलधारी मंडळी अजून संशयानेच पाहतात. जुगाराची सावली तीवर पडलेली होती, हे नाकारता येणार नाही. परंतु १९२२ मध्ये पुण्यास जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी १९५८ साली कलकत्त्यास बिलियर्डचे हौशी जागतिक अजिंक्यपद मिळविले आणि १९६४ मध्ये ते पुन्हा जिंकले, त्यापूर्वी कोणत्याही खेळात वैयक्तिक जागतिक अजिंक्यपद भारताकडे आलेले नव्हते. मुलाला या टेबलापासून ओढून नेण्यापूर्वी वडिलांनी एवढे ध्यानात घ्यावयास हरकत नाही. तासाचे पैसे कोठून येतात, हे अर्थातच विचारावे.

आपला विद्यार्थी दिवाळीच्या सुटीत सौंसरला परततो. धाकटी भावंडे बोर्ड मांडून वाटच पाहत असतात. सुरुवात त्याचीच. दादा पूर्वीसारखा बोर्ड दणाणून सोडील या अपेक्षेने ती मागे सरकून बसतात. तो स्ट्रायकर रेषेवर ठेवतो, दोनदा बोटाने जागा बदलतो, आणि बेताने मारतो. सोंगट्या मोकळ्या होतात, एक पांढरी कोपऱ्यात पडते, आणि स्ट्रायकर राणीच्या जागेजवळ येऊन थांबतो. “दादा, जोर कमी झाला की रे तुझा,” असे धाकटा म्हणतो. दादा उत्तर न देता दुसऱ्या सोंगटीवर नेम धरतो.