एकाच कानानं कमी ऐकू येतं तेव्हा

मंडळी, दोन्ही कानांनी हळूहळू कमी ऐकू येऊ लागलं की आपण म्हणतो, वय झालं. पण एकाच कानानं ऐकू येईनासं झालं, त्या कानात सारखी गुणगुण होऊ लागली, चालताना तोल जाऊ लागला, तर ते वयावर ढकलू नये.

बहुधा कारण साधंच निघतं. क्वचित मात्र कानाकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेवर गाठ असते. ती कर्करोगाची नव्हे, वाढतेही सावकाश. पण जागा अडचणीची! हाडातल्या एकाच अरुंद नळीतून ऐकण्याची, तोल सांभाळण्याची आणि चेहरा हलवण्याची नस जाते.

एम. आर. आय. यंत्र चुंबकाच्या जोरावर या नळीचं चित्र काढतं. त्यातल्या एका प्रकारच्या चित्रात पाणी पांढरं दिसतं, गाठ काळसर. गाठ लहान असेल आणि नळीच्या टोकाशी पाणी शिल्लक असेल, तर ऐकणं वाचण्याची आशा अधिक. मग शस्त्रवैद्य वाट ठरवतात. आतल्या कानातून गेलं तर त्या कानाचं ऐकणं जातं. ते वाचवायचं तर आतला कान टाळून, कवटीतून वरच्या किंवा मागच्या बाजूनं जावं लागतं. वरची वाट अमेरिकेतील डॉ. विल्यम हाउस यांनी १९६१ साली मांडली.

लहान गाठीला कधी शस्त्रक्रिया लागतही नाही. ठरावीक काळानं चित्र काढून नजर ठेवतात. मात्र गेलेलं ऐकणं सहसा परत येत नाही. तेव्हा फोन आधी एका कानाला, मग दुसऱ्या कानाला लावून पाहा. फरक वाटला तर कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन तपासणी करून घ्या. शिक्षक मंडळींनी एवढं गावात चार जणांना जरूर सांगावं.