गुलाबाला पांघरूण कधी घालायचं?

आम्ही मुलुंडच्या एका बचत गटातल्या बायका बोलतोय. आज विषय आहे थंडीतला गुलाब. दारातला असो, बांधावरचा असो की कुंडीतला, थंडी पडली की त्याला कसं सांभाळायचं, ते बोलूया. तुम्ही म्हणाल, मुंबईच्या बायकांना थंडीचं काय कळतं? खरं आहे. पण थंडीच्या भीतीनं नुकसान कसं होतं, ते आम्हाला पुरतं कळलंय. म्हणून आधी आमची चूक सांगतो आणि मग उपाय.

आमच्या गटात आम्ही बारा जणी. डोंगराच्या बाजूला एका इमारतीच्या गच्चीवर सोसायटीच्या परवानगीनं ९० कुंड्या ठेवल्या. कुंड्यांखाली विटा, म्हणजे पाणी साचत नाही आणि स्लॅबही खराब होत नाही. थोडे गावठी गुलाबी, बाकी सगळे लाल ग्लॅडिएटर. पैसे गटाच्या अंतर्गत कर्जातून घेतले. भरवसा होता तो मार्गशीर्षातल्या गुरुवारांवर. आजूबाजूच्या सोसायट्यांमधून महालक्ष्मीच्या पूजेसाठी दर गुरुवारी १०० गुलाबांची मागणी नोंदवून घेतली होती.

छाटणी वेळेवर झाली, कळ्याही छान धरल्या. मग नोव्हेंबरच्या शेवटी गारठा वाढला. बातम्यांत थंडीची लाट, थंडीची लाट असं सुरू झालं. आम्ही घाबरलो. पावसाळ्यात खिडक्यांवर बांधायचं प्लास्टिक घरात पडलं होतंच. चार बांबू उभे केले आणि सगळ्या कुंड्यांवर ते ताणून बांधलं. आठ दिवस उघडलंच नाही. वर संध्याकाळी घरी जाताना पाइपनं पानांवरूनच पाणी मारत होतो, कारण दिवसभर वेळ मिळत नव्हता.

आठव्या दिवशी प्लास्टिक काढलं. कोवळ्या शेंड्यांवर कुणी पीठ भुरभुरावं तसा पांढरा थर. पानं मुरडलेली. खालच्या पानांवर काळे ठिपके. बऱ्याच कळ्या तपकिरी होऊन जागीच कुजलेल्या. पहिल्या गुरुवारी १०० ऐवजी १८ फुलं निघाली. गिऱ्हाइकांनी फुलं दुसरीकडून आणली आणि पुढच्या गुरुवारांची मागणीही गेली.

बैठकीत ज्या ताईंनी प्लास्टिक सुचवलं होतं, त्यांच्यावर सगळ्या तुटून पडल्या. "तुमच्यामुळे हप्ता थकला," इथपर्यंत बोलणं गेलं. त्या काही बोलल्या नाहीत, पण पुढच्या दोन बैठकांना आल्या नाहीत. मग हिशेब करायला वही काढली तर इतिवृत्तात ठराव दिसला. प्लास्टिक लावायचं असं सर्वानुमते ठरलेलं होतं आणि खाली बाराच्या बारा सह्या होत्या. आम्ही त्यांच्या घरी गेलो, माफी मागितली आणि परत घेऊन आलो. त्यानंतर ठरवलं की आता अंदाजानं काही करायचं नाही. गुलाबाला थंडीत नेमकं काय हवं असतं, ते आधी समजून घ्यायचं.

पहिली गोष्ट कळली ती अशी, की मुंबईत गुलाबाला थंडी मारत नाही. सांताक्रूझच्या वेधशाळेत आजवरचं सगळ्यात कमी तापमान नोंदलं गेलं ते २२ जानेवारी १९६२ ला, ७.४ अंश. एवढ्या थंडीतही गुलाबाचं झाड मरत नाही. उलट रात्री पंधरा अंशांच्या आसपास गारवा आणि दिवसा स्वच्छ ऊन, हे त्याच्या आवडीचं हवामान. आपल्याकडे गुलाबाचा खरा बहर हिवाळ्यातच येतो.

मग आमची झाडं कशानं गेली? आमच्याच प्लास्टिकनं. प्लास्टिकखाली हवा खेळत नाही. दिवसा आत वाफ धरते, रात्री तिचंच पाणी होऊन पानांवर टपकतं. पांढरं पीठ म्हणजे भुरी. गार, दमट रात्र, उबदार दिवस आणि कोंदट हवा मिळाली की ती पसरते. काळे ठिपके आणि कळीकूज येते ती रात्रभर ओल्या राहिलेल्या पानांमुळे आणि कळ्यांमुळे. प्लास्टिक आणि संध्याकाळचं पाणी मिळून आम्ही रोगाला घरचं आमंत्रण दिलं होतं.

आता तुमच्यापैकी ज्या निफाड, नाशिककडे किंवा महाबळेश्वरच्या बाजूला आहात, त्या म्हणाल की आमच्याकडची थंडी निराळी. अगदी बरोबर. निफाडला काही वर्षी पारा पाच अंशांच्याही खाली जातो. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या परिसरात दवाचे थेंब गोठून पांढरे हिमकण होतात. अशा रात्री कोवळी पालवी आणि कळ्या करपतात. आमच्या गटातल्या एकीचं माहेर निफाडकडचं आहे. तिची वहिनी द्राक्षबागेच्या कडेला गुलाब लावते. ती काय करते, ते ऐका.

आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असला की ती ओळखते, आज रात्री गारठा जास्त. त्या दिवशी ती झाडाच्या बुंध्याशी विहिरीचं हलकं पाणी देते, पानांवर अजिबात नाही. ओली जमीन दिवसाची ऊब कोरड्या जमिनीपेक्षा जास्त धरून ठेवते. संध्याकाळी झाडाभोवती चार काठ्या रोवून वर जुनं सुती लुगडं किंवा गोणपाट टाकते. कापड पानांना टेकू देत नाही, कारण टेकलेल्या जागी पान करपतं. पहाटे बागेच्या कडेला ओलसर पालापाचोळ्याची धुनी पेटवून धूर करते. आणि सूर्य वर आला की पांघरूण काढते. रात्री घालायचं आणि सकाळी काढायचं, हेच आम्ही विसरलो होतो.

तिची आणखी एक गोष्ट आम्हाला पटली. शेंडे करपले तरी ती लगेच कात्री लावत नाही. कापलं की झाड नवी पालवी काढतं आणि पुढच्या गार रात्री तीही करपते. थंडीचा कडाका सरला की मग करपलेला भाग काढते. त्या दिवसांत युरियाही देत नाही, कारण युरियानं कोवळी वाढ जोरात येते.

आता आणखी लांब जाऊया. आमच्या एका ताईंची नणंद अमेरिकेत शिकागोला असते. तिच्या अंगणात गुलाब आहेत आणि तिथं जानेवारीत काही दिवस पारा शून्याच्या खाली वीस अंशांपर्यंत जातो. जमीन दगडासारखी गोठते. फोनवर आम्ही तिला विचारलं, तुझे गुलाब जगतात कसे?

ती म्हणाली, आमच्याकडे हिवाळ्यात गुलाब झोपतो, त्याला झोपू द्यायचं. ऑगस्टनंतर ती खत बंद करते, म्हणजे नवी कोवळी वाढ येत नाही आणि जुन्या फांद्या पक्क्या होतात. हिवाळ्याआधी मोठी छाटणी करत नाही, वाऱ्यानं हेलकावणाऱ्या लांब फांद्या तेवढ्या आखूड करते. दोनचार रात्री चांगलं गोठलं, पानं गळली, की बुंध्यावर फूटभर उंच मातीचा ढीग घालते. माती दुसरीकडून आणते, झाडाजवळची ओढत नाही, नाहीतर मुळं उघडी पडतात. मातीवर सुकी पानं. मार्च-एप्रिलमध्ये बर्फ सरला की तो ढीग हळूहळू, दोनतीन वेळा करून काढते.

माती बुंध्यावरच का? तुम्ही रोपवाटिकेतून आणलेला गुलाब नीट पाहा. खोडाच्या खालच्या बाजूला एक गाठ दिसेल. खाली रानगुलाबाचा खुंट असतो आणि त्यावर चांगल्या जातीचा डोळा भरलेला असतो. ती गाठ म्हणजे झाडाचा जीव. वरच्या फांद्या गोठून गेल्या तरी गाठ वाचली तर तेच फूल पुन्हा येतं. गाठ मेली तर खालून रानगुलाब फुटतो आणि झाड दिसतं, पण आपलं फूल येत नाही.

आम्ही म्हणालो, म्हणजे तू त्याला उबेत ठेवतेस. ती म्हणाली, नाही, एकसारख्या गारव्यात ठेवते. दुपारी उन्हानं वितळलं, रात्री परत गोठलं, असं सारखं झालं की खोडाला चिरा जातात आणि मुळं उचकटतात. मातीच्या ढिगामुळे हे वरखाली होत नाही. म्हणून घाईनं, उबदार दिवसांतच झाकलं तर तिथंही झाड कुजतं.

ते ऐकून आमच्या लक्षात आलं की शिकागो, निफाड आणि मुलुंड, तिन्हीकडे पांघरूण वेगळं. शिकागोला अख्खा हिवाळा, तेही जमीन गोठल्यावर. निफाडला कडाक्याच्या रात्रीपुरतं. मुलुंडला मुळीच नाही. शेजारणीचं बघून नाही, आपल्या अंगणातली थंडी बघून ठरवायचं.

आता वहीत लिहून घ्या. आम्ही पाळतो ती कामं सांगतो.

पहिलं काम, छाटणी. पाऊस उघडला की ऑक्टोबरमध्ये करायची. आमच्याकडे छाटणीपासून फूल यायला साधारण ४५ ते ५० दिवस लागतात. मार्गशीर्ष कधी लवकर येतो, कधी उशिरा. म्हणून पंचांगात पहिला गुरुवार बघायचा आणि तिथून ५० दिवस मागे मोजायचे. जिथं हिमकण पडतात, तिथं डिसेंबर-जानेवारीत मोठी छाटणी नको. सुकलेल्या, रोगट, एकमेकीत अडकलेल्या फांद्या काढायच्या. तीनचार जोमदार फांद्या फूट-दीड फुटावर, बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या जरा वर, तिरक्या कापायच्या. गाठीच्या खालून फुटलेला रानगुलाब मुळापासून काढायचा.

दुसरं काम, कापलेल्या जागी बोर्डो मलम. नाहीतर फांदी वरून खाली काळी पडत मरत जाते. १०० ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात, १०० ग्रॅम चुना अर्धा लिटर पाण्यात, दोन्ही वेगवेगळे भिजवायचे आणि मग एकत्र करून ढवळायचे. भांडं प्लास्टिकचं किंवा मातीचं, लोखंडी नको. तयार मलमात लोखंडी खिळा बुडवून बघा. त्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला, आणखी घाला. त्याच दिवशी वापरून टाका. मोरचूद विषारी आहे, मुलांच्या हाताला लागू देऊ नका.

तिसरं काम, पाणी. सकाळी, बुंध्याशी, मातीत बोट घालून बघूनच. वरची माती कोरडी लागली तरच द्या. थंडीत पाणी कमी लागतं. बुंध्याभोवती सुक्या पाल्याचा दोनतीन बोटं जाड थर द्या, पण गाठीला चिकटवू नका.

चौथं काम, भुरीवर नजर. रोज सकाळी कोवळे शेंडे उलटसुलट करून पाहा. पहिला पांढरा ठिपका दिसला की तो शेंडा काढून पिशवीत भरून टाकून द्या. तरीही पसरली तर पाण्यात मिसळणारं ८० टक्के गंधक, लिटरला २ ग्रॅम, सकाळी लवकर फवारा. भर उन्हात फवारलं तर पानं भाजतात. तोंडाला रुमाल आणि हातात मोजे हवेतच. कुंड्यांमध्ये हातभर अंतर ठेवा, म्हणजे वारा खेळतो.

मागच्या वर्षी आम्ही एवढंच केलं. गच्चीवर प्लास्टिकचा तुकडा नव्हता. पहिल्या गुरुवारी ७२ फुलं निघाली, तिसऱ्याला १०० च्या वर. थकलेला हप्ता माघात भरला. आणि रोज सकाळी शेंडे तपासायचं काम कुणाकडे आहे, माहितेय? त्याच ताईंकडे. त्यांनी मागून घेतलं.

म्हणून जाता जाता गटाविषयी एक गोष्ट सांगतो. आपण सगळ्या मिळून ठराव करतो, सह्या करतो आणि नुकसान झालं की एकीचं नाव पुढे करतो. तसं करू नका. सह्या बारा जणींच्या असतील तर चूकही बारा जणींची. आम्ही फुलं गमावली ती पुढच्या वर्षी परत आली, पण त्या ताई गटातून गेल्या असत्या तर त्या परत आल्या असत्या की नाही, सांगता येत नाही.

तुमच्याकडे थंडी किती पडते आणि तुम्ही गुलाबाला काय करता, ते तुमच्या पुढच्या बैठकीत जरूर बोला.