शाळा सुटली, पण आई यायची आहे
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

शाळा सुटल्याची घंटा हा मुलांचा सर्वांत आवडता आवाज. त्या घंटेनंतर मुलं कुठे जातात, हा प्रश्न मात्र मुख्याध्यापिका असूनही मला कित्येक वर्षं पडला नव्हता. तो एका मुलाने मला घातला. तोंडाने नव्हे, नुसता बसून राहून.

डोंबिवलीतली आमची शाळा दोन सत्रांत भरायची. सकाळी प्राथमिक, दुपारी माध्यमिक. सव्वाबाराला लहान मुलं बाहेर पडत आणि मोठी आत येत. ऑगस्टमधला पावसाचा दिवस होता. संध्याकाळी पाचच्या सुमारास मी घरी निघाले, तर जिन्याखाली, जुन्या बाकांच्या आडोशाला दुसरीतला एक मुलगा बसलेला. मला पाहताच उठून म्हणाला, "बाई, मी काही केलं नाही."

त्याच्या गळ्यातल्या दोऱ्याला रोज घराची किल्ली असायची. त्या दिवशी ती हरवली होती. आई-वडील दोघेही मुंबईला नोकरीला. ऑफिस सुटून, लोकल पकडून आई डोंबिवलीला उतरेपर्यंत सात वाजायचे. शेजारी कुलूप. म्हणून तो साडेबारापासून तिथेच बसून होता. त्या जिन्यावरून मी दिवसभरात तीनदा तरी गेले असेन. मूल शाळेच्या आवारातच होतं. पण शाळा सुटली होती, त्यामुळे ते आमचं नव्हतं!

दुसऱ्या दिवशी वर्गावर्गात विचारलं, "घरी गेल्यावर दार कोण उघडतं?" बरेच हात वर झाले ते "मीच" असं सांगण्यासाठी.

आपण जरा साधा हिशेब करू. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन ठरवलं. म्हणजे दिवसाला चार तास. आई-वडिलांची नोकरी आठ तासांची, वर प्रवास. मधले पाच-सहा तास मूल कुणाचं? पूर्वी या प्रश्नाला आजी हे उत्तर होतं. आता आजी गावी असते, नाहीतर स्वतःच नोकरी करत असते.

कायद्यालाही हे वय दिसलेलं नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याने ३० हून अधिक स्त्री कामगार असतील तिथे पाळणाघर बंधनकारक केलं. पण ते सहा वर्षांखालच्या मुलांसाठी. २०१७ साली मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची जबाबदारी आली. चांगलंच झालं. पण त्यामागचा विचारही तान्ह्या आणि लहान बाळांचाच. सातव्या वर्षी मूल एकाएकी स्वतःला सांभाळू लागतं, असं आपण सगळ्यांनी मिळून ठरवून टाकलं आहे.

शाळेतच सांभाळ, ही कल्पना परकी आहे असं मात्र समजू नका. १९४५ साली ताराबाई मोडक बोर्डीला गेल्या आणि अनुताई वाघ यांच्यासह तिथे व पुढे कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी आदिवासी मुलांसाठी काम केलं. त्यांच्या 'विकासवाडी'त पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात होती. कारण सरळ होतं. मोठ्या मुली शाळेत येत नसत, कारण कडेवर धाकटं भावंड असे. त्याची सोय झाली, तर ताई वर्गात बसू शकत होती. सांभाळ आणि शिक्षण या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत, हे या बायकांना तेव्हाच कळलं होतं. जर्मनीने २०२१ साली कायदा करून २०२६ च्या ऑगस्टपासून पहिलीत येणाऱ्या मुलांना पूर्ण दिवसाच्या सांभाळाचा हक्क देऊ केला, तो फार नंतर.

आम्ही ११ मुलांवर सुरुवात केली. संस्थेची पहिली हरकत जागेची. दोन सत्रांच्या शाळेत एकही खोली रिकामी नसते. शेवटी ग्रंथालयाची खोली मिळाली. तिथे पुस्तकांच्या कपाटांना कुलपं होती, ती आम्ही काढली. दोन ताई नेमल्या. एक निवृत्त बालवाडी शिक्षिका, दुसरी बचत गटातली एक पालक. आल्यावर हातपाय धुणं, डबा, अर्धा तास आडवं होणं, मग खेळ. चार वाजता पोहे, उपमा किंवा गूळ-शेंगदाणे. ज्याला हवा त्याने थोडा अभ्यास करावा.

चुकाही केल्या. पालक म्हणाले, "बसलाच आहे तर गृहपाठ पुरा करून घ्या." आम्ही मान डोलावली, आणि सहामाहीपर्यंत त्या खोलीची दुसरी शाळा झाली. मुलं यायला रडू लागली. तेव्हा फळाच बाहेर काढला. दिवसभर शिस्तीत बसलेल्या मुलाला लोळायला जागा हवी असते, हे आम्हाला मुलांनी शिकवलं.

दुसरी चूक गंभीर होती. एका मुलीला घ्यायला तिचा काका आला. ती "काका" म्हणत धावली, आम्ही सोडलं. तासाभराने आई आली. त्या घरात वाद चालू होते, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. मुलगी रात्री सुखरूप घरी पोचली. पण त्या बाईचा चेहरा मी अजून विसरलेले नाही. दुसऱ्या दिवसापासून नोंदवही आली. प्रत्येक मुलामागे न्यायला येणाऱ्या तिघांची नावं, फोटो आणि सह्या. चौथं कुणी आलं, तर प्रत्यक्ष देव असला तरी आधी आईला फोन!

आता पैशांचं. खोली शाळेची, खाऊचा खर्च थोडा. खरा खर्च ताईंच्या पगाराचा. इथे 'सेवा' हा शब्द फार सोयीने वापरला जातो. एका बाईला निर्धास्तपणे नोकरी करता यावी म्हणून दुसऱ्या बाईने तुटपुंज्या पैशांत राबावं, हे मला पटलं नाही. आम्ही फी उत्पन्नाप्रमाणे तीन पायऱ्यांत ठेवली आणि पगार वेळेवर दिला. म्हणूनच त्या ताई टिकल्या. रोज नवा चेहरा दिसला, तर मूल रुळत नाही.

दिवसाचं दुसरं टोकही आहे. २०२४ साली राज्य शासनाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असं सांगितलं. मुलांची झोप व्हावी, हा हेतू योग्यच. पण ज्या घरातली दोन्ही माणसं साडेसातची लोकल पकडतात, तिथे नऊपर्यंत मूल कुणी सांभाळायचं? शाळेचं दार तासभर आधी उघडून एक ताई, एक सतरंजी आणि पेलाभर दूध, एवढ्यानेही ही अडचण सुटते.

सगळं शासनाने करावं, असं मी म्हणणार नाही. पण इमारत, मैदान, पाणी, स्वच्छतागृह हे सारं शाळेत आधीच उभं आहे, आणि जिथे एकच सत्र भरतं तिथे ते निम्मा दिवस कुलपात असतं, एवढं तरी लक्षात घ्यावं.

जाता जाता एक विनंती. उद्या तुमच्या जवळच्या शाळेची घंटा झाली, की अर्ध्या तासाने फाटकापाशी जा. कट्ट्यावर, पायरीवर, जिन्याखाली किती मुलं उरली आहेत ती मोजा. तो आकडा घेऊन मुख्याध्यापकांना भेटा. आमची सुरुवात एका मुलापासून झाली होती.