लेखणी, कागद आणि प्लॉटर



संगणकाच्या आज्ञेप्रमाणें खरीखुरी लेखणी धरून कागदावर रेघा ओढणारें एक यंत्र असतें. त्यास पेन-प्लॉटर म्हणतात. अमेरिकेंतील कॅलकॉम्प कंपनीचा ५६५ क्रमांकाचा प्लॉटर १९५९ सालीं बाहेर पडला, आणि पुढें कित्येक वर्षें इंजिनियरांचे आराखडे अशा यंत्रांवर निघत. शाईचे सूक्ष्म तुषार उडविणारीं छापयंत्रें आल्यावर कचेऱ्यांतून त्याचें महत्त्व कमी झालें. परंतु चित्रकार आणि हौशी मंडळी यांच्या घरीं तें आजही नांदत आहे. अशा यंत्राला निरनिराळ्या लेखण्या व निरनिराळे कागद यांची ओळख कशी करून द्यावी, एवढेंच मी आज सांगणार आहें.

चांगला लेखनिक टाक अडला तर किंचित् दाबतो. कागद शाई शोषूं लागला तर हात झरझर चालवितो. यंत्राला हें तारतम्य नाहीं. गुळगुळीत कागदावर ज्या वेगानें तें चालेल, त्याच वेगानें टिपकागदावरही चालेल. म्हणून तें तारतम्य आपण आधीं अजमावून आंकड्यांच्या रूपानें त्याच्या स्वाधीन करावें लागतें.

हें न केल्यास काय होतें? उदाहरण नकाशाचें घेऊं. १ : ५०,००० या प्रमाणाच्या नकाशांत दर २० मीटर उंचीला एक समोच्च रेषा काढली, तर ४५ अंशांच्या उतारावर दोन रेषांमध्यें अवघें ०.४ मिलिमीटर अंतर येतें. सह्याद्रीच्या कड्यांपाशीं तें त्याहूनही कमी होतें. ०.२५ मिलिमीटरचें पेन लावतांना वाटतें, जागा पुरेशी आहे. परंतु कागद मऊ निघाला, शाई फुटली आणि रेघ ०.४ ची झाली, कीं साऱ्या रेषा एकमेकींत मिसळून नुसता काळा पट्टा उमटतो. जो चढ दाखविण्यासाठीं नकाशा काढला, तोच त्यांतून नाहींसा होतो.

आतां प्रत्यक्ष कृतीकडे वळूं. प्रथम माप तपासावें. २०० मिलिमीटर बाजूचा चौरस काढवून तो पोलादी पट्टीनें मोजावा. आडवी बाजू १९९ भरली, तर मिलिमीटरमागें मोटरच्या पावलांची जी संख्या नेमलेली असते, तिला २०० नें गुणून १९९ नें भागावें. म्हणजे ८० च्या जागीं सुमारें ८०.४ येतील. उभी बाजू स्वतंत्र मोजावी. नंतर दोन्ही कर्ण ताडून पाहावे. बाजू बरोबर असून कर्ण असमान आले, तर दांडे काटकोनांत नाहींत असें समजावें. तेथें गणित उपयोगी नाहीं, पाना हातीं घ्यावा.

दुसरी गोष्ट लेखणीच्या उंचीची. उचललेली लेखणी कागदाच्या उंचवट्यालाही लागूं नये, आणि टेकलेली लेखणी सखल भागांतही रेघ सोडूं नये. यासाठीं चारी कोपऱ्यांत व मध्यभागीं बारीक फुल्या काढून पाहाव्या. बॉलपेनला दाब हवा; तंतूच्या टोंकाच्या पेनला तो फार झाल्यास टोंक फिसकटतें; फौंटनपेनला बहुधा स्वतःचें वजनच पुरतें. जाड कागद घेतला, कीं हा हिशेब पुन्हां मांडावा.

तिसरी गोष्ट वेगाची. एकच रेघ पांच निरनिराळ्या वेगांनीं काढावी. वेग फार झाला तर जेलपेनची रेघ तुटते. फार कमी झाला तर फौंटनपेनची शाई पसरते. या दोहोंमधला वेग पसंत करावा. रेघेचा आरंभ पुसट येत असेल, तर टेकल्यावर क्षणभर थांबण्याची आज्ञा द्यावी. तेथें डाग पडत असेल, तर तो विराम कमी करावा.

शेवटीं रेघेची खरी जाडी. समांतर रेघांच्या जोड्या काढाव्या. मध्यापासून मध्यापर्यंतचें अंतर एक मिलिमीटरपासून दशांशादशांशानें उतरवीत न्यावें. ज्या जोडींत मधला पांढरा पदर नाहींसा होईल, तें अंतर म्हणजे त्या कागदावर त्या पेनची खरी जाडी. पेनवर छापलेल्या आंकड्यापेक्षां हा आंकडा अधिक विश्वासाचा. रंग भरावयाचा असेल तर रेघा याहून किंचित् जवळ घ्याव्या. नकाशा असेल तर पुरेशा दूर ठेवाव्या.

एका वेळीं एकच गोष्ट बदलावी, नाहींतर गुण कशाचा आणि दोष कशाचा, हें उमगत नाहीं. पेन, कागद, उंची, वेग, विराम व जाडी असे सहा रकाने आंखून वहींत नोंद ठेवावी, आणि तिच्यावर तारीख घालावी. पावसाळ्यांत कागद दमट होऊन फुगतो; उन्हाळ्यांतली नोंद श्रावणांत जशीच्या तशी लागू पडत नाहीं. दोन रंगांचें काम शक्य तों एकाच बैठकींत उरकावें, आणि पेन बदलल्यावर पहिल्या रंगाच्या फुलीवर दुसऱ्या रंगाची फुली नेमकी बसते कीं नाहीं, तें आधीं पाहावें.

या परीक्षेला एक साधा कागद आणि अर्धा तास खर्ची पडतो. हातकागदाचा एकुलता एक महागडा ताव समोर असेल, तर तो अर्धा तास वांचविण्यांत कांहींच शहाणपण नाहीं. मात्र परीक्षेचा तुकडा त्याच जातीच्या कागदाचा असूं द्यावा, एवढें सांगून आपली रजा घेतों.