जादा दात : दोष कुणाचा?

(महिला मेळाव्यातील आरोग्यसत्रात केलेले भाषण)



मी दातांची डॉक्टर. मध्यंतरी एक आई एकोणीस वर्षांच्या लेकीला घेऊन आली. खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाली, "बाई, रविवारी पाहुणे बघायला येणारेत. तेवढा मधला दात काढून टाका." वरच्या दोन पटाशीच्या दातांच्या मधोमध एक बारका, टोकदार दात होता. कधीपासून आहे? "दुसरीत होती तेव्हापासून." मग तेव्हा का नाही दाखवलात? आई हळूच म्हणाली, "दुखत नव्हता. आणि सासूबाई म्हणायच्या, मीच ग्रहण पाळलं नाही."

म्हणजे दोष आईचा, व्यंग मुलीचं, आणि उपचाराचा मुहूर्त पाहुण्यांच्या सोयीचा!

ग्रहणाचा आणि दातांचा काडीचा संबंध नाही. जबड्यात दातांचे अंकुर तयार होताना कधी एखादा जास्तीचा तयार होतो. त्यात आनुवंशिकतेचाही भाग असतो. तो आईकडून येतो तसा बापाकडूनही. कायमच्या दातांमध्ये असा जादा दात मुलग्यांत मुलींच्या साधारण दुप्पट आढळतो. पण मुलाचे दात बघायला पाहुणे येत नाहीत, म्हणून त्याची चर्चा होत नाही.

दिसायला जादा वाटतो तो प्रत्येक दात जादा नसतो. दुधाचे दात २०, कायमचे अक्कलदाढा धरून ३२. ज्याला आपण 'दातावर दात' म्हणतो, तो बहुतेक वेळा जागा न मिळाल्याने वर चढलेला नेहमीचाच सुळा असतो. कधी दुधाचा दात पडायच्या आत मागून कायमचा येतो. म्हणून आधी मोजा, मग ठरवा. नाहीतर चांगला दात जायचा.

कित्येक जादा दात हिरडीबाहेर येतच नाहीत. ते जबड्यातच राहून कायमच्या दातांची वाट अडवतात. वरचे पटाशीचे दात सात-आठ वर्षांच्या सुमारास येतात. एक येऊन सहा महिने झाले तरी शेजारचा आला नाही, दात वळून आला, किंवा मध्ये मोठी फट राहिली, तर एक्स-रे काढायला सांगा. बरेच जादा दात निघाले तर डॉक्टरांना पुढची तपासणी करायला लावा. क्वचित त्यामागे हाडांचा किंवा आतड्याचा आनुवंशिक आजार असतो.

सापडला की काढलाच पाहिजे असंही नाही. कुणाची वाट अडवत नसेल, त्याभोवती पाण्याची गाठ होत नसेल, तर तो तसाच ठेवून अधूनमधून एक्स-रेवर लक्ष ठेवता येतं. अडवत असेल तर मात्र वेळेवर काढावा.

आणखी एक. तोंडात दात घेऊनच जन्मलेल्या बाळाला अपशकुनी म्हणतात, आईला बोल लावतात. असे बहुतेक दात जादा नसतात, दुधाचेच लवकर आलेले असतात. घरी उपटू नका. दात फार हलत असेल, बाळाच्या जिभेला जखम होत असेल किंवा पाजताना त्रास होत असेल, तर दवाखान्यात न्या. बाळ दहा दिवसांच्या आतलं असेल तर रक्तस्रावाचा धोका असतो. जन्मल्यावर 'के' जीवनसत्त्वाचं इंजेक्शन दिलं होतं का, हे डॉक्टरांना आठवणीने सांगा.

त्या मुलीकडे वळून मी विचारलं, "तुला काय हवंय?" ती चमकली. तोवर तिला कुणी विचारलंच नव्हतं. म्हणाली, "तिथं अन्न अडकतं, ब्रश करताना रक्त येतं. काढा." एक्स-रे पाहून मी तो काढला. पण बारा वर्षांची फट रविवारपर्यंत बुजणार नव्हती. त्याला तारा लावाव्या लागतात, वेळ आणि पैसा लागतो. आठव्या वर्षी आली असती तर सगळं सोपं झालं असतं.

म्हणून तुमच्या गटात, अंगणवाडीत, शाळेत जाल तेव्हा सात-आठ वर्षांच्या मुलींना आणि मुलग्यांनाही 'आ' करायला सांगा. दात त्यांच्या तब्येतीसाठी मोजा, लग्नाच्या बाजारासाठी नको.